बायच्या फोनला आपलं बुलेटिन वाचता येत नाही



आपलं बुलेटिन पूर्वी पोस्टाने यायचं, तेव्हा आमच्या घरात त्याच्यावर पहिला हक्क बायचा असे. बाय म्हणजे आमची थोरली बहीण. कोकणातल्या चालीप्रमाणे आम्ही सगळी भावंडं तिला लहानपणापासून बायच म्हणतो. मुंबईत ती मराठीची शिक्षिका होती. यजमान वारल्यावर ती आमच्याकडे ॲमस्टलवेनला आली, तरी शिक्षिकाच राहिली. हातात लाल पेन घेऊन बुलेटिन वाचायची. आधी निधनवार्ता, मग लग्नं, मग पाककृती आणि शेवटी लेख. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर गोल करून मग अंक आमच्या हाती द्यायची. आम्ही पडलो नर्सिंगवाले, आमचं शुद्धलेखन तसं बेताचंच. आमच्याही दोन-तीन लेखांवर तिचे गोल पडलेले आहेत.

त्या बायला गेल्या तीन वर्षांपासून वाचता येत नाही.

तिला मॅक्युलर डीजनरेशन झालं आहे. डोळ्याच्या मागे जो पडदा असतो त्याचा अगदी मधला लहानसा भाग वयोमानाने झिजतो. आपण अक्षरं वाचतो ती त्याच भागाने. कडेचं दिसत राहतं. त्यामुळे माणूस घरात काठीशिवाय हिंडतो, चहा करतो, पण समोरच्याचा चेहरा ओळखत नाही. घड्याळाची गोल कड दिसते, काटे दिसत नाहीत. मग लोकांना वाटतं, ही बाई सोंग करते. वॉर्डात आम्ही असे कितीतरी म्हातारे पेशंट पाहिले आहेत, ज्यांच्या घरच्यांनाही हे पटत नसे. या आजाराचा ओला प्रकार असेल तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन तो पुष्कळदा थोपवता येतो. बायचा कोरडा निघाला. वाचकांपैकी कोणाला दाराची चौकट किंवा फरशीची सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरला गाठावं. सणवार आटोपण्याची वाट पाहू नये.

आणखी एक सांगून ठेवतो. एक दिवस बायने हळूच विचारलं, "भिंतीवर ही वेल कोणी काढली?" भिंत पांढरी होती. तिला वाटलं, आपल्याला वेड लागतंय, म्हणून पंधरा दिवस ती गप्प होती. मेंदूला डोळ्यांकडून चित्र मिळेनासं झालं की तो कधीकधी आपलीच चित्रं तयार करतो. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. ते वेडाचं लक्षण नव्हे. डॉक्टरला मात्र जरूर सांगावं.

असो. सांगायचा मुद्दा पुढे आहे.

अंध आणि मंददृष्टी माणसांची सोय या देशात जुनी आहे. ॲमस्टरडॅममध्ये अंधांच्या शिक्षणाची संस्था १८०८ साली निघाली. त्याही आधी, १७९० मध्ये, खोनिंगन शहरात आंरी गुयो या पाद्र्याने बहिऱ्या मुलांसाठी संस्था काढली होती. आज व्हिसिओ आणि बार्टिमेउस या दोन मोठ्या संस्था आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरने चिठ्ठी दिली की त्यांच्याकडचं शिक्षण बेसिक विम्यातून मिळतं, वर्षाचा आपला ठरलेला वाटा तेवढा भरावा लागतो. बाय व्हिसिओमध्ये गेली. ऐंशी ओलांडलेल्या बाईला त्यांनी फोन शिकवला, तोही मोडक्यातोडक्या डचमध्ये.

फोनमध्ये बोलून दाखवणारा प्रोग्राम असतो. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. आयफोनमध्ये तो २००९ पासून आहे, त्याचं नाव व्हॉइसओव्हर. अँड्रॉइड फोनमधल्याला टॉकबॅक म्हणतात. दोन्ही फुकट आणि आधीपासूनच फोनमध्ये असतात. तो चालू केला की काचेवर बोट ठेवलं तिथे काय आहे ते फोन सांगतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. आमच्या ह्यांच्या फोनवर हा टॉकबॅक एकदा चुकून चालू झाला. आवाजाची दोन्ही बटणं बराच वेळ दाबली गेली असणार. फोन आपला बोलतोय, एका टिचकीने काही उघडत नाही, आणि हे घरभर सांगत फिरताहेत की फोनला भूत लागलं. तुमच्याही घरी असं झालं तर तीच दोन बटणं तीन सेकंद एकदम दाबून पाहा, बहुतेक फोनमध्ये भूत उतरतं.

बायच्या हाती मात्र हे भूत चांगलं वश झालं. तिचा फोन डच, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषा बोलतो. मराठी आवाज जरा कोरडा आहे. मृत्यूची बातमी आणि बटाट्याचा भाव एकाच सुरात सांगतो. पण सांगतो.

मग आम्ही मोठ्या थाटात तिला आपलं बुलेटिन उघडून दिलं. आता ते पीडीएफ होऊन फोनवरच येतं, तेव्हा वाटलं, काम सोपं आहे. फोनने घसा साफ केल्यासारखं केलं आणि सुरू झाला: "एम, ए, स्वल्पविराम, झेड, डॉलर, आय..." पाच मिनिटं बायने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे कोणत्या देशाचं बुलेटिन गं?"

आम्ही फोनला दोष दिला. दुरुस्ती सांगितली आमच्या नातवाने. तो बारा वर्षांचा आहे. त्याने बुलेटिनमधली एक ओळ उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकली, तर तिथे मराठीचा मागमूस नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. बालमित्रांनो, हे तुम्हाला पुरीमच्या सणावरून समजेल. पुरीमला तुम्ही राजा-राणीचे कपडे घालता. पाहणाऱ्याला राणी एस्तेर दिसते, पण आत असते शेजारची मिकी. जुन्या मराठी फॉन्टचं तसंच आहे. श्री-लिपी म्हणा, शिवाजी म्हणा, कागदावर सुंदर मराठी अक्षर दिसतं, पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षर असतं, त्याने नुसता मराठी वेष घातलेला असतो. डोळ्यांना वेष दिसतो. यंत्र मात्र आत कोण आहे तेवढंच जाणतं.

यावर उपाय निघून आता तीस वर्षांवर काळ लोटला. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकेक कायमचा नंबर द्यायचा, अशी ती योजना आहे. तिला युनिकोड म्हणतात. १९९१ मध्ये पहिली यादी निघाली तेव्हापासूनच देवनागरी तिच्यात आहे. आपल्या 'क'चा नंबर २३२५. मुंबईत टाइप करा, दिमोनात करा, ॲमस्टलवेनमध्ये करा, २३२५ म्हणजे 'क'च. मग ते अक्षर मोठं करा, बोलून घ्या, ब्रेलमध्ये उठवा, त्याचं 'क'पण जात नाही.

आपल्या संपादक मंडळींवर आमचा राग नाही. जेव्हा अंक पेजमेकरवर लागत, तेव्हा त्या प्रोग्रामला युनिकोडची मराठी कळतच नसे. घराघरातल्या कॉम्प्युटरलाही कळत नव्हती. त्या काळी रात्र-रात्र बसून, प्रत्येक जोडाक्षराला वेगळी किल्ली पाठ करून आपल्या लोकांनी मराठी छापली, म्हणून ती इथवर आली. सवय मात्र तीच राहिली. कारण गेल्यावरही सवय राहते, हे आम्ही हॉस्पिटलात चाळीस वर्षं पाहिलं आहे.

जुन्या अंकांची तर वेगळीच कथा. ते नुसते फोटो आहेत. फोटोतला मजकूर ओळखून वाचणारे प्रोग्राम आता मराठीही वाचतात, ते आम्ही लावून पाहिले. पण आपलं पान दोन कॉलमांचं. प्रोग्रामने डावीकडची ओळ वाचली की सरळ उजवीकडे उडी मारली. त्यामुळे एका सज्जनांचे दीर्घ आजाराने दुःखद निधन झाले, चीक घट्ट होईपर्यंत सतत ढवळत राहावे, त्यांच्या मागे पत्नी, दोन कन्या आणि अर्धी वाटी बदाम असा परिवार आहे, असं आमच्या कानावर पडलं. बाय हसली आणि मग एकदम रडली. ते सज्जन तिच्या शाळेतले सहकारी होते, आणि ते गेल्याचं तिला हे असं, हलव्याच्या कृतीतून कळलं.

तोवर आमचं म्हणणं असे की, बाय, आम्ही वाचून दाखवतो की! आम्हाला वाचनाची हौस आहे, घरात चार माणसं आहेत, अडचण कसली? हे बोलणं किती पोकळ होतं ते गेल्या हिवाळ्यात कळलं.

बायची एका हॉस्पिटलात तपासणी झाली होती. हल्ली इथे रिपोर्ट घरी पत्राने येत नाही. फोनवर निरोप येतो, मग डिजीडीने लॉगिन करून हॉस्पिटलच्या पानावर जाऊन आपणच वाचायचा. बाय हुशारीने लॉगिनपर्यंत पोचली. पुढे त्या पानावर फोन म्हणू लागला: "बटण. बटण. बटण. चित्र. बटण." कोणत्या बटणाने काय होतं ते बनवणाऱ्याने लिहिलंच नव्हतं. डोळस माणसाला तिथे कागदाचं चित्र दिसतं, घराचं चित्र दिसतं. फोनला चित्र कळत नाही, त्याला नाव लागतं. शोधता शोधता वेळ संपली आणि पानाने तिला बाहेर काढलं. तीन वेळा असं झालं. आम्ही दोघं बाजाराला गेलो होतो. घरात नातू होता. तिने त्याला हाक मारली आणि तो वाचू लागला. पोरगं डच वाचत होतं, अडखळत, एकेक शब्द फोडून. त्यात एक शब्द आला, बायोप्सी. बायने विचारलं, नीट वाच. त्याने पुन्हा वाचला. मग तो वाचायचा थांबला, कारण आजीच्या बहिणीचा चेहरा त्याला दिसत होता.

पुढे ती तपासणी झाली, काही निघालं नाही, देवाची कृपा. पण त्या संध्याकाळी बाय म्हणाली ते आमच्या मनातून जात नाही. "मला ते लेकराच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. आणि त्यानेही ते वाचायला नको होतं." आम्ही नर्स होतो. पेशंटचा कागद पेशंटच्या आधी दुसऱ्याने वाचू नये, हा पहिल्या वर्षाचा धडा. तो धडा बटणाला नाव न दिल्यामुळे मोडला. आम्ही त्या हॉस्पिटलला पत्र लिहिलं. चार महिन्यांनी बटणं बोलू लागली. म्हणजे काम मोठं नव्हतंच, कोणी सांगितलं नव्हतं इतकंच.

खरं तर हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९९ मध्येच पहिली नियमावली काढली, आणि तेव्हापासून ती वरचेवर सुधारली जाते. चित्राचं शब्दांत वर्णन द्या, बटणाला नाव द्या, अक्षर आणि मागचा रंग यात ठळक फरक ठेवा, माऊसशिवाय नुसत्या किल्ल्यांनीही सगळं चालू द्या, बोलण्याच्या चित्रफितीला सबटायटल द्या. इतकं साधं. नेदरलँड्समध्ये जुलै २०१८ पासून सरकारी वेबसाइटांसाठी हे कायद्याने बंधनकारक झालं. २३ सप्टेंबर २०२० ही त्यांना दिलेली शेवटची तारीख होती, आणि प्रत्येक वेबसाइटला 'ए' ते 'ई' असा दर्जा जाहीर करावा लागतो. अगदी शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा. २८ जून २०२५ पासून युरोपचा दुसरा कायदा लागू झाला. त्यात बँका, ऑनलाइन दुकानं, ई-पुस्तकं, तिकिटांची मशिनं हेसुद्धा आलं. ज्यांना सरकारी कामं फोनवर जमत नाहीत त्यांच्यासाठी २०१९ पासून सार्वजनिक वाचनालयांतून मदतीचं टेबल असतं. डच सफाईदार येत नसेल तरी जावं. तिथली माणसं घाईची नसतात असा आमचा अनुभव आहे.

आपल्या मायदेशाचं सांगायचं तर कागदावर भारत पुढे होता. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला, नेदरलँड्सने २०१६ मध्ये. आमच्या काळी 'अपंग' म्हणत, हल्ली तिकडे 'दिव्यांग' म्हणतात. बायचं मत आहे की माणसाला नवं नाव देण्याआधी बटणाला द्या. पण एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. बँकेच्या किंवा फोनच्या कामासाठी ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागे. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाईंना ते करणं शक्य नव्हतं. अमर जैन या अंध वकिलांनीही अर्ज केला होता. न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सरकारला वीस सूचना दिल्या. आम्ही ही बातमी बायला सांगितली नाही. तिनेच ती फोनवर ऐकून आम्हाला सांगितली.

आता नातवाबद्दल. तो अडखळत वाचत होता असं वर लिहिलं, त्याचं कारण आहे. त्याला डिस्लेक्सिया आहे. डोळे उत्तम, बुद्धी उत्तम, पण छापील अक्षरं त्याच्यापुढे जागा बदलतात असं तो म्हणतो. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तो नुकता वाचायला शिकत होता. एका लहान पडद्यावर पंचवीस चेहरे आणि बाईंनी दाखवलेला कागद. इतर मुलं कशीबशी शिकली, हा मागे पडला, आणि घरच्यांना वाटलं, खेळकर आहे. आम्हीसुद्धा त्याला रागावलो, हे इथे कबूल करतो. दोन वर्षांनी तपासणी झाली. आता डेडिकॉन नावाच्या संस्थेकडून त्याची शाळेची पुस्तकं बोलत्या रूपात मिळतात. शब्द पडद्यावर उजळतो आणि कानात ऐकू येतो. इतिहासात त्याचे गुण दुप्पट झाले. तरीसुद्धा एखादे शिक्षक गृहपाठाच्या पानाचा फोटो काढून पाठवतात, आणि त्याचा प्रोग्राम मुका होतो. म्हणूनच बुलेटिनचं दुखणं त्याला चटकन कळलं. त्याचंही दुखणं तेच होतं. हल्ली तो आणि बाय संध्याकाळी कानात एकेक यंत्र घालून सोफ्याच्या दोन टोकांना बसतात. एक तेरा व्हायचा आहे, दुसरी चौऱ्याऐंशीची.

बहिऱ्या लोकांचा विषय वेगळ्या लेखाचा आहे. एवढंच सांगतो की त्याच मार्चमध्ये पंतप्रधानांच्या शेजारी उभ्या राहून खुणांच्या भाषेत सांगणाऱ्या इर्मा स्लाउस बाई इथे घराघरात पोचल्या. साठेबाजी या अर्थाची त्यांची खूण तर लहान मुलंही करून दाखवत. जुलै २०२१ पासून डच खुणांच्या भाषेला कायद्याची मान्यता आहे. आमच्या ह्यांना यातलं काही लागत नाही, फक्त सबटायटल लागतात. इस्राएलहून कीर्तनाची आणि व्याख्यानांची रेकॉर्डिंगं येतात, त्यांना कोणी मराठी अक्षरं लावील काय? कानाचं यंत्र लावूनही निम्मं हुकतं असं ते म्हणतात. बाकीचं ते मनाने भरतात, आणि मग जेवताना आमच्याशी वाद घालतात.

बायला पुस्तकंही हवी होती. डचमध्ये बोलती पुस्तकं भरपूर आहेत, पासेंट लेझन हे वाचनालय त्यासाठीच आहे. पण तिला हवं मराठी. मग ब्रेल का नाही, असं काही जणांनी विचारलं. आम्हाला दादरची अंधशाळा आठवते. ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी ती मुंबईत १९०० साली काढली. आता तिला कमला मेहता यांचं नाव आहे. नर्सिंगच्या विद्यार्थिनी असताना आम्ही एकदा तिथे तपासणीला गेलो होतो. एक लहान मुलगी मराठीचं पुस्तक बोटांनी वाचत होती, भरभर, खिडकीबाहेर तोंड करून. आम्ही तिचं तापमान घ्यायचं विसरून बघत राहिलो. ज्या सहा ठिपक्यांच्या लिपीने ती वाचत होती, ती लुई ब्रेलने केलेली. तो स्वतः तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या दुकानात आरी डोळ्यात गेली आणि पुढे तो अंध झाला. भारतातल्या सगळ्या भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. पण ती बोटं लहानपणी तयार व्हावी लागतात. चाळीस वर्षं मधुमेह असलेल्या बायच्या बोटांना सुई टोचली तरी नीट कळत नाही. तिला कानच बरे.

पुस्तक बोलतं करायचं म्हणजे त्याची प्रत करणं आलं, आणि कॉपीराइटमुळे ते पूर्वी अडत असे. एका देशात केलेली प्रत दुसऱ्या देशातल्या अंधाला पाठवणंही बहुतेक ठिकाणी बेकायदा होतं. हे सोडवायला जून २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात आंतरराष्ट्रीय करार झाला. स्वतः अंध असलेले गायक स्टीव्ही वंडर यांनी शब्द दिला होता की करार केलात तर येऊन गाईन, आणि ते खरंच आले. तो करार सर्वांत आधी भारताने मान्य केला, २०१४ मध्ये. इस्राएलने २०१६ मध्ये, आणि युरोपात तो १ जानेवारी २०१९ पासून लागू आहे. भारतात २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे अंधांसाठीचं ऑनलाइन वाचनालय आहे. म्हणजे आता मान्यताप्राप्त संस्थांच्या मार्फत भारतातलं बोलतं मराठी पुस्तक कायद्याने ॲमस्टलवेनला येऊ शकतं. आम्ही बायच्या नावाने अर्ज केला आहे.

पण कोणत्याही करारात आपलं बुलेटिन बसत नाही. ते आपलं आपल्यालाच करायचं आहे. गेल्या महिन्यात आम्ही संपादक मंडळींशी फोनवर बोललो. पुढच्या अंकापासून देखण्या पीडीएफबरोबर सगळा मजकूर युनिकोडमध्ये साधा, एकाखाली एक असाही पाठवायचं त्यांनी कबूल केलं आहे. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्राम असतात. त्यातून जोडाक्षरं थोडी बिघडून निघतात, ती हाताने सुधारावी लागतात. जुन्या अंकांचं हे काम आमचा नातू आणि त्याचे दोन मित्र करायला तयार आहेत. त्यांना मराठी बोलता येतं, लिहिता जेमतेम. तेव्हा शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ सांगणारं कोणी वडीलधारं माणूस लागेल. आणि लेखकांना एक विनंती. फोटोखाली नुसतं 'क्षणचित्रे' लिहू नका. कोण बसलंय, कोण उभं आहे, डावीकडून उजवीकडे, वधूने काय घातलंय, ते दोन ओळीत लिहा. गेल्या अंकात बारा फोटो होते आणि बायच्या फोनने बारा वेळा "चित्र" म्हटलं.

शब्बाथला फोन बंद असतो. त्या दिवशी आम्ही बायला पूर्वीसारखंच वाचून दाखवतो, आणि ती आमचे उच्चार सुधारते. युनिकोडमधला मजकूर शुक्रवारी दुपारी बोटभर मोठ्या अक्षरांत छापता येतो. मान एका बाजूला करून, डोळ्याच्या कडेने, ती त्यातल्या दोन-चार ओळी स्वतः वाचते. तेवढ्याला अर्धा तास लागतो. त्या वेळात तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालत नाही.

हा लेख युनिकोडमध्ये टाइप केला आहे. छापायला देण्याआधी बायने तो फोनवर ऐकला, दोनदा. तिने दोन चुका काढल्या. एक आम्ही सुधारली. दुसरीबद्दल आमचा वाद अजून चालू आहे.